सिद्धतेत जुने प्रमेय वापरताना चलांच्या जागी सूत्रे कशी घालावीत

क, ख, ग ही चले, म्हणजे कोणत्याही विधानाच्या जागी वापरलेली अक्षरे; ∨ म्हणजे ‘किंवा’, ∧ म्हणजे ‘आणि’, ¬ म्हणजे ‘नाही’, → म्हणजे ‘जर… तर’; चले आणि ही चिन्हे जोडून बनते ते सूत्र. क ∨ ¬क हे प्रमेय, म्हणजे कोणत्याही गृहीतकाशिवाय सिद्ध होणारे सूत्र, एकदा सिद्ध झाले की दर वेळी ते नव्याने सिद्ध करत बसू नये. सरळ एक ओळ लिहावी, उजवीकडे प्रमेयाचा क्रमांक टाकावा. डावीकडचा गृहीतकांचा रकाना (ओळ कोणत्या गृहीतकांवर उभी आहे ते तिथे लिहितात) मोकळा ठेवावा, कारण प्रमेय कुठल्याच गृहीतकावर उभे नसते. मात्र आत्ता जे विधान सिद्ध करायचे आहे ते त्या प्रमेयाच्या सिद्धतेत आधीच वापरलेले नसावे.

खरी अडचण येते ती चलांच्या जागी सूत्रे घालताना. ‘नजरेने जुळवून घ्या’ हा सल्ला अजिबात मानू नका. कोणत्या चलाच्या जागी काय जाणार, याची यादी आधी लिहा आणि सगळे बदल एकाच दमात करा.

(क → ख) → (¬ख → ¬क) हे प्रमेय घ्या. कच्या जागी (ख ∧ ग) आणि खच्या जागी क घालायचे आहे. बरोबर उत्तर:

((ख ∧ ग) → क) → (¬क → ¬(ख ∧ ग))

आधी क बदलला आणि मग ख, तर नुकताच आत आलेला खसुद्धा बदलतो आणि हाती येते:

((क ∧ ग) → क) → (¬क → ¬(क ∧ ग))

हेही प्रमेयच आहे, म्हणून चूक डोळ्यांना खुपत नाही. पुढच्या ओळीत पूर्वांग (→ च्या डावीकडचा भाग) जुळेना की मग शोधाशोध सुरू होते.

बदल फक्त सुट्या चलाचा करावा, ¬क सारख्या जोडलेल्या सूत्राचा नाही. (¬क → ¬ख) → (ख → क) यात ‘¬क’ उचलून तिथे ग ठेवला, तर (ग → ¬ख) → (ख → क) उरते. ग असत्य, ख सत्य, क असत्य धरा: पूर्वांग सत्य, उत्तरांग (मुख्य → च्या उजवीकडचा भाग) असत्य. प्रमेय गेले!

गृहीतकात असा बदल कधीच करू नये. क गृहीत धरला म्हणून ग मिळत नाही. प्रमेय चलांच्या प्रत्येक सत्यमूल्याला (सत्य वा असत्य) खरे असते, गृहीतकाला ती हमी नसते.

घातलेल्या सूत्राला कंस हवाच. आता र सिद्ध करू:

१. (म → न) → र, गृहीतक
२. ¬(म → न) → र, गृहीतक
३. (म → न) ∨ ¬(म → न), प्रमेय, कच्या जागी (म → न)
४. र, ओळी १, २, ३ वरून (तिसरीतल्या दोन्ही पर्यायांतून र मिळतो)

तिसऱ्या ओळीतला दुसरा कंस गाळला तर ¬म → न होते, ते दुसऱ्या गृहीतकाशी जुळत नाही आणि र हाती लागत नाही. चौथ्या ओळीच्या डावीकडे १, २ एवढेच लिहायचे.