कोऱ्या डिस्क घेण्याआधी करायची तयारी

कोऱ्या डिस्कवर लिहून वर्षानुवर्षं जपायचं काय आणि किती, ते आधी मोजा. सीडी-आरवर ७०० एमबी मावतं, डीव्हीडी-आरवर ४.७ जीबी, एकपदरी ब्लू-रेवर २५ जीबी. फोटो-व्हिडिओंचा पसारा मोठा असेल तर सीडीचा विचार सोडून द्या. पुन्हा पुन्हा पुसता येणाऱ्या आरडब्ल्यू डिस्कही यादीतून काढा. त्या रोजच्या कामाला ठीक आहेत, वर्षानुवर्षांच्या जपणुकीला नाहीत.

आता सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो डिस्कच्या आतल्या थरांना. सीडी-आर आणि डीव्हीडी-आरमध्ये लेसर सेंद्रिय रंगद्रव्यावर खुणा उमटवतो, आणि हे रंगद्रव्य ऊन, उष्णता, दमटपणा यांनी हळूहळू बिघडतं. सीडी-आरमध्ये सायनिन, अझो आणि थॅलोसायनिन हे प्रकार आढळतात. त्यांतलं थॅलोसायनिन उजेडात जास्त तग धरतं. शिवाय परावर्तक थर कशाचा आहे तेही पाहा. चांदी हवेतल्या गंधकाने काळवंडते, सोनं तसं बिघडत नाही, म्हणून सोन्याच्या थराच्या डिस्क महाग असतात. नुसत्या सोनेरी छपाईला मात्र भुलू नका, थर सोन्याचा असल्याचं खोक्यावर स्पष्ट लिहिलेलं हवं.

ब्लू-रे घेणार असाल तर ‘एलटीएच’ ही अक्षरं दिसताच ते खोकं परत ठेवा. त्यात सेंद्रिय रंगद्रव्य असतं, तर नेहमीच्या बीडी-आरमध्ये (एकदाच लिहिता येणाऱ्या ब्लू-रेमध्ये) अजैविक थर असतो आणि दीर्घकाळासाठी मला तोच भरवशाचा वाटतो. खास दीर्घकाळ टिकण्यासाठी बनवलेल्या एम-डिस्कचा थरही अजैविकच. तिच्या हजार वर्षांच्या आयुष्याचा आकडा उत्पादकाचा आहे, कोणी तेवढी वर्षं थांबून पाहिलेला नाही. तरीही कल्पना उत्तम आहे. डीव्हीडी प्रकारची एम-डिस्क घ्यायची तर आपला रायटर तिच्यावर लिहू शकतो का, याची आधी खात्री करा. लिहून झालेली डिस्क वाचायला साधा डीव्हीडी ड्राइव्हही पुरतो.

ब्रँड आणि कारखाना एकच असतो असं धरून चालू नका. एकाच नावाखाली वेगवेगळ्या कारखान्यांचा माल येतो. नावंही हात बदलतात: व्हर्बाटिम पूर्वी मित्सुबिशी केमिकलकडे होतं, आता सीएमसी मॅग्नेटिक्सकडे आहे. त्यामुळे पहिली डिस्क ड्राइव्हमध्ये घातली की इमगबर्नसारख्या प्रोग्रॅममध्ये तिचा मीडिया कोड, म्हणजे ती कोणत्या कारखान्याची आणि प्रकारची आहे हे सांगणारी डिस्कवरची खूण, वाचा आणि टिपून ठेवा. पुढच्या खरेदीत तोच कोड आला का, हे लगेच कळेल. जपानच्या तैयो युदेनच्या डिस्क नावाजलेल्या होत्या, पण कंपनीने २०१५ मध्ये हा व्यवसाय बंद केला. सोनीनेही रेकॉर्डेबल ब्लू-रेचं उत्पादन फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबवलं. अशा नावांचा शिल्लक माल चढ्या भावाने घेताना तो किती जुना आहे हे विचाराच, कारण कोरी डिस्कही ठेवून ठेवून खराब होते. मोठा साठा करण्याऐवजी लहान पॅक घ्या.

त्या पॅकमधली एक डिस्क काठोकाठ भरून लिहा. वेग मधला ठेवा, १६ पटीच्या डीव्हीडीला ८ पट ठीक. लिहून झाल्यावर ‘व्हेरिफाय’ चालवा, म्हणजे लिहिलेलं मूळ फाइलींशी ताडून पाहा, आणि ड्राइव्हला जमत असेल तर त्रुटींची चाचणीही घ्या. बाहेरच्या कडेकडे विशेष लक्ष द्या, दोष बहुधा तिथे आधी दिसतात. ही डिस्क पास झाली तरच त्या पॅकवर मोलाचं काही लिहा, आणि दुसरी प्रत वेगळ्या कारखान्याच्या डिस्कवर काढा.

सोबत लागणाऱ्या वस्तूही त्याच वेळी आणा. नाव लिहायला पाण्यावर आधारित शाईचं मऊ टोकाचं पेन हवं. सीडीत माहितीचा थर लेबलच्या अगदी खाली असतो, बॉलपेनच्या टोकाने तो दुखावतो. चिकट लेबल नकोच. प्रत्येक डिस्कला स्वतंत्र कडक डबी, तीही उभी ठेवायची, अंधाऱ्या, थंड आणि कोरड्या जागी. डबीवर लिहिल्याची तारीख, मीडिया कोड आणि पुढच्या तपासणीचं वर्ष लिहा. तपासणीत त्रुटी वाढलेल्या दिसल्या तर डिस्क अजून वाचता येते आहे तोवरच नवी प्रत काढा.