गिटारचा क्लास लावताय? आधी या चुका टाळा

नाशकात माझं काम गिटार दुरुस्तीचं. तारा बदलणं, उखडलेला ब्रिज (तारा अडकवायचा लाकडी तुकडा) चिकटवणं, ॲक्शन म्हणजे दांड्यापासूनची तारांची उंची खाली आणणं. त्यामुळे सर शोधणारे आणि सरांना कंटाळलेले, दोन्ही प्रकारचे लोक माझ्या टेबलापाशी येऊन बसतात. तारा चढेपर्यंत गप्पा होतात आणि निघताना हमखास विचारतात, "आमच्या बाजूला कुणी चांगले सर आहेत का हो?" सांगतो मी नावं. पण त्याआधी जे ऐकवतो तेच इथे लिहितो, कारण तेच तेच बोलून आता कंटाळा आलाय.

सरांची बोटं बघून क्लास लावणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि शिकलेसवरलेले लोक करतात. कॅफेत कुणीतरी फर्डा सोलो वाजवतो, त्याचं रील फिरत फिरत आपल्या मोबाइलवर येतं, आणि दुसऱ्या दिवशी पोराचं नाव घातलेलं असतं.

गंमत म्हणजे गाण्याच्या क्लासला हेच लोक असं करत नाहीत. शास्त्रीय गायक विष्णू दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि उत्तर आयुष्यात नाशकात आश्रम चालवून शिष्य सांभाळले. त्या गावातली आजी आजही गाण्याच्या बाईंबद्दल दोनच गोष्टी विचारते: कुणाकडे शिकल्या, आणि यांच्याकडे शिकून कोण तयार झालं? गिटार म्हटलं की हे दोन्ही प्रश्न कुठे जातात कळत नाही.

अंबडच्या एका कंपनीत नोकरी करणारे एक गृहस्थ चौथीतल्या मुलीला घेऊन आले होते. तक्रार अशी की गिटारचा आवाज बसका येतो, नवीनच घ्यावी का? मी वाजवून पाहिली. सगळ्यात जाड तार ई ऐवजी जवळजवळ डीला आलेली, बाकीच्या आपापल्या मनाने कुठेही. मुलीला म्हटलं, वाजव बाळा काहीतरी. तिने वही उघडली. पानभर आकडे: शून्य, तीन, पाच, तीन. वर गाण्याचं नाव. पहिल्या तारेवर एका बोटाने तिने ते आकडे दाबले आणि माझ्याकडे पाहिलं. म्हटलं, जी कॉर्ड (कॉर्ड म्हणजे काही सूर एकदम) वाजवून सीवर जा बरं. ती म्हणाली, "ते अजून नाही घेतलं सरांनी." दिवाळीत क्लास लावलेला आणि बाजारात आंबे आले होते.

बाराव्या फ्रेटवर (दांड्यावरच्या आडव्या धातूच्या काड्या म्हणजे फ्रेट) तारांखाली मी एक रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवून सरकवली. गेलीच, वर फट उरली. म्हणजे तार तीन मिलिमीटरपेक्षा उंच. एवढ्या उंच तारेवर मोठ्या माणसाची बोटं दुखतात, नऊ-दहा वर्षांच्या पोरीचं काय होणार? मी विचारलं, सरांनी तुझी गिटार कधी हातात घेतली होती का? ती जरा वेळ आठवत बसली. मग म्हणाली, "सर त्यांचीच वाजवतात."

ते सर वाजवतात उत्तम, मी स्वतः ऐकलंय, त्याबद्दल शब्द नाही. पण सहा महिन्यांत विद्यार्थिनीची गिटार एकदाही मांडीवर न घेणारा माणूस शिकवत नाही, तो समोर बसून वाजवतो आणि त्याची फी घेतो.

मी सॅडल, म्हणजे ब्रिजमधला तारा टेकायचा पातळ तुकडा, खालून घासून ॲक्शन उतरवली (बाराव्या फ्रेटवर एक मिलिमीटर कमी हवी असेल तर सॅडल दोन मिलिमीटर घासावं लागतं), दहा गेजच्या, म्हणजे बारीक, हलक्या तारा चढवल्या. वडिलांनी घराजवळच्या एका मॅडमकडे क्लास बदलला. त्यांनी सुरुवातीला गाणं काढलंच नाही. ट्यूनिंग, बसायचं कसं, डाव्या हाताचा अंगठा कुठे ठेवायचा, आणि ई मायनर कॉर्डवर चार मात्रा. वडील फोनवर कुरकुरले, "अजून गाणं नाही हो." मी म्हटलं, थांबा जरा. गणपतीत सोसायटीच्या आरतीला पोरगी कॉर्ड धरून साथीला बसली होती.

तेव्हापासून मी सगळ्यांना एकच सांगतो. पहिल्या दिवशी बघा, सर मुलाची गिटार हातात घेतात का? ट्यून करतात, दोन-चार ठिकाणी दाबून बघतात, तारा उंच आहेत म्हणतात? मग सहा महिने जुना एखादा विद्यार्थी ऐका. बॅच चालू असताना बाहेर पंधरा मिनिटं बसलं तरी भिंतीआडून सगळं कळतं: किती वेळ मुलं वाजवतात आणि किती वेळ सर. आणि एक प्रश्न जरूर विचारा. एफ कॉर्ड न लागणाऱ्या मुलाला तुम्ही काय देता? सहाही तारा एका बोटाने दाबायच्या त्या कॉर्डपाशी निम्मी जनता गिटार कपाटावर टाकते. "प्रॅक्टिस करायची" एवढंच उत्तर आलं तर चहा घेऊन निघा. चार तारांची छोटी एफ देतो, किंवा कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून वरच्या फ्रेटवर तो एका बोटाचा बार बसवून घेतो, असं काही ऐकू आलं तर त्या माणसाने मुलांची बोटं पाहिलेली आहेत.

क्लासच्या आधी गिटार घेणं

वाढदिवस आला की गिटार येते. तीही मोठ्या मापाची, वाढत्या अंगाचा युनिफॉर्म घ्यावा तशी. पूर्ण मापाच्या गिटारच्या तारेची लांबी साधारण ६५ सेंटिमीटर असते, पाऊण मापाची ५८ च्या आसपास. हे सात सेंटिमीटर आठ वर्षांच्या मुलाच्या खांद्याला विचारा. उजवा हात खोक्यावरून खाली पोचावा म्हणून ते खांदा उचलतं, मान वाकडी करतं, आणि आई म्हणते याचं लक्षच नाही. साधारण सात वर्षांपर्यंत अर्धं माप, पुढे अकरा-बारापर्यंत पाऊण, मग पूर्ण. मूल बसवून बघायचं आणि ठरवायचं. वय नुसता अंदाज.

लहान बोटांना मी नायलॉनची तार सुचवतो, कारण ताण बराच कमी. मात्र त्या गिटारच्या दांड्याची पट्टी रुंद असते, नटपाशी (डोक्याकडचा, तारांच्या खाचांचा तुकडा) पाच सेंटिमीटरच्या आसपास, स्टीलवालीची साडेचारच्या आत. पंजा फार छोटा असेल तर कमी मापाचीच घ्यावी लागते. म्हणून म्हणतो, आधी सर ठरवा आणि मग त्यांना विचारून गिटार घ्या. डेमोला त्यांच्याकडची वापरा. क्लासमध्ये विद्यार्थ्याला द्यायला एकही जादा गिटार नसेल तर तेही लक्षात ठेवा.

आणि नायलॉनच्या गिटारवर "आवाज मोठा येतो" म्हणून स्टीलच्या तारा चढवू नका. ब्रिज उखडतो. माझा धंदा होतो, पण नका चढवू.

डावखुऱ्या मुलाच्या गिटारच्या तारा नुसत्या उलट्या लावून भागत नाही. नटच्या खाचा आणि सॅडलचा तिरकेपणा उजव्या हाताच्या हिशेबाने केलेला असतो.

गावाच्या दुसऱ्या टोकाला क्लास

पाथर्डी फाट्याला राहायचं आणि क्लास गंगापूर रोडला. का, तर तिथले सर नावाजलेले. संध्याकाळी सहाला मुंबई नाक्यावर उभं राहून बघा एकदा. नाशिकरोडहून येणाऱ्याला द्वारका आहेच. त्यात सिंहस्थाची कामं, आज हा रस्ता बंद, उद्या तो. पहिले दोन महिने वडील उत्साहाने सोडतात, पावसाळ्यात आठवड्याला एक दांडी पडते, सहामाही परीक्षेनंतर क्लास आपोआप बंद. मग मुलाला गोडी नाही असा निकाल लागतो. पोराला सायकलवर एकट्याने जाता येईल एवढ्या अंतरावरचे बऱ्यापैकी सर मला जास्त पटतात. सिडकोवाल्याला मी पंचवटीचं नाव सांगतच नाही, कितीही आग्रह केला तरी.

बाकीच्या, थोडक्यात

वर्षाची फी एकदम भरू नका, सवलत कितीही असो. महिन्याची महिन्याला.

स्टेजवर वाजवणाऱ्या सरांना गणपती, नवरात्र आणि लग्नसराईतल्या तासांचं काय करता, हे आधीच विचारा. भरून देतात की बुडतात?

पंधरा जणांच्या बॅचमध्ये गिटार येत नाही. चार-पाचपर्यंत ठीक.

घरी येऊन शिकवणारे असोत की त्यांच्या घरी जायचं असो, दार उघडं आणि घरातलं कुणीतरी मोठं जवळपास. यावर चिडणाऱ्या माणसाकडे मूल पाठवू नका.

लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या ग्रेड परीक्षा चांगल्या आहेत, पण पहिल्या महिन्यात परीक्षेचा फॉर्म पुढे करणाऱ्याकडे दुसरं काय शिकवतात ते बघा. वर्षभर तीन तुकडे घोटून सर्टिफिकेट आणणारी आणि चौथी गोष्ट वाजवता न येणारी मुलं माझ्याकडे येतात.

ऑनलाइन क्लास सुरुवातीला नकोच. आवाज मागेपुढे होतो, त्यामुळे सरांबरोबर एका वेळी वाजवता येत नाही, आणि लयीची सवय तिथेच तर लागते.

तीस दिवसांत गिटार, उन्हाळी सुट्टीत दहा गाणी, पट्टीवर रंगीत स्टिकर. यावर मी बोलत नाही. स्टिकरचा डिंक मात्र मलाच काढावा लागतो.

मोठ्या माणसांसाठी

मोठ्यांची घाई मुलांपेक्षा वाईट. लग्नाच्या वाढदिवसाला एक गाणं वाजवायचंय, दोन महिने आहेत, तेवढंच शिकवा. असं शिकवणारे मिळतातही. गाणं जेमतेम येतं, वाढदिवस होतो आणि गिटार विकायला निघते. त्यापेक्षा दोन-तीन साध्या कॉर्डचं गाणं निवडा आणि सरांना सांगा की मला कॉर्ड बदलायला शिकायचंय, गाणं ओघाने येईल.

सातपूर-अंबडला शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांनी ठरलेल्या बॅचच्या नादी लागू नये. सेकंड शिफ्टचा आठवडा आला की तास बुडतो आणि पुढच्या वेळी बाकीचे पुढे गेलेले असतात. एकट्याचा तास घ्या, आठवड्याला एकच चालेल, पण वेळ शिफ्टप्रमाणे बदलून देणारे सर हवेत. हे पहिल्याच फोनवर विचारायचं. आठवी-नववीच्या पोरांच्या बॅचमध्ये पन्नाशीच्या माणसाला बसवणारे सर टाळा. त्या पोरांची बोटं तिसऱ्या आठवड्यात पळायला लागतात आणि आपण शेजारी बसून घड्याळ बघतो.

रिटायर झालेले विचारतात, या वयात जमेल का? जमतं. बोटांची टोकं काही आठवडे दुखतात, नंतर निबर होतात. डाव्या हाताची नखं बारीक कापा, रोज वीस मिनिटं बसा, आणि बोटांच्या सांध्यांचं दुखणं असेल तर नायलॉनची तार आणि खालची ॲक्शन मागून घ्या. सर म्हणाले, "सवय होईल, सगळ्यांना दुखतं," तर गिटार घेऊन माझ्याकडे या, मी नाणी सरकवून बघतो.