आपले गाणे आपल्या नावावर कसे ठेवावे

गंगाखेडच्या जनाबाईंनी अभंगाच्या शेवटी आपली नाममुद्रा घातली, म्हणून साडेसहाशेहून अधिक वर्षांनंतरही त्यांची रचना ऐकताच ओळखू येते. परभणी, बीड किंवा नांदेडला राहून स्वतः लिहिलेली आणि स्वतःच चाल लावलेली पॉप गाणी गाऊ पाहणाऱ्या कलावंताकडे आज मोबाइल असतो, बऱ्यापैकी गळाही असतो. नसते ती गाणे आपले असल्याची लेखी नोंद. गळ्याच्या रियाजाविषयी सांगणारे पुष्कळ आहेत, म्हणून येथे नोंदीविषयीच अधिक लिहिले आहे.

एका गाण्यात दोन स्वतंत्र मालमत्ता असतात, हे सर्वांत आधी समजून घ्यावे. शब्द आणि चाल ही पहिली, ती रचणाऱ्याची. ध्वनिमुद्रण ही दुसरी, ते ज्याने स्वतःच्या खर्चाने करून घेतले त्याची. एखाद्या कंपनीने स्टुडिओचा खर्च केला म्हणून शब्द आणि चाल आपोआप तिच्या होत नाहीत. त्या जातात आपल्या सहीने.

यासाठी एक जाड वही करावी आणि ध्वनिमुद्रणाच्या दिवशीच, मंडळी चहा पिऊन पांगण्याआधी, तिच्यात एक पान लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्यात. ‘शब्द व चाल : स्वतः. संगीत संयोजन : अमुक, एकरकमी ४,००० रुपये, पुढे वाटा नाही. ढोलकी : तमुक, रोख दिले’ एवढे साधे लिहिले तरी चालते. माझ्या पहिल्या गाण्याच्या वेळी संयोजक मित्रच असल्यामुळे मला हे लिहून घेणे अवघड वाटले. तीन वर्षांनी गाणे लग्नाच्या वरातींत वाजू लागल्यावर मुखड्याची चाल आपली आहे असे तो म्हणू लागला, आणि खरे सांगायचे तर तो खोटे बोलत होता असे मला आजही वाटत नाही. दोघांनाही वेगवेगळे आठवत होते, एवढेच.

ध्वनिमुद्रण घरी करता येते. पत्र्याच्या खोलीत आवाज घुमतो, म्हणून कोपऱ्यात तीन बाजूंनी दोऱ्या बांधून त्यांवर जाड गोधड्या टाकाव्यात आणि शेजारची बोअरची मोटर बंद झाल्यावर, रात्री, पंखा बंद करून गावे. एप्रिल-मेमध्ये एका दमात एकच कडवे होते. मग दार उघडून घाम पुसावा लागतो. लोडशेडिंगला मात्र नावे ठेवू नयेत, कारण लॅपटॉप बॅटरीवर असताना माइकमधली घरघर पुष्कळदा कमी होते. मूळ फाइल २४ बिटच्या वेव्ह (WAV) स्वरूपात, म्हणजे आवाज न दाबता, दोन वेगळ्या ठिकाणी जपावी; एमपी३ ही केवळ ऐकवण्याची प्रत समजावी.

स्पॉटिफायवर गाणे थेट चढवता येत नाही. त्यासाठी ट्यूनकोर किंवा डिस्ट्रोकिडसारखा, गाणे अशा ॲपपर्यंत पोचवणारा वितरक लागतो. वितरकाकडून प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी हा अक्षरे आणि अंक मिळून १२ चिन्हांचा ओळख क्रमांक मिळतो. तो वहीत उतरवून ठेवावा, म्हणजे पुढे वितरक बदलला तरी तोच क्रमांक देता येतो. नावाचे रोमन स्पेलिंग प्रत्येक गाण्याला एकच ठेवावे, नाहीतर एकाच गायकाची दोन पाने तयार होतात. स्पॉटिफायच्या संपादकांच्या प्लेलिस्टसाठी गाणे सुचवायचे असल्यास ते प्रकाशनाच्या किमान ७ दिवस आधी सुचवावे. कमाईची घाई मात्र करू नये : २०२४ पासून स्पॉटिफायवर मागील १२ महिन्यांत १,००० वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्याला पैसे मिळत नाहीत, आणि यूट्यूबवर जाहिरातींच्या उत्पन्नातील वाट्यासाठी १,००० सदस्य तर लागतातच, शिवाय वर्षभरात ४,००० तासांचे पाहणे किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सची १ कोटी दृश्ये, यांपैकी एक लागते.

वितरक देतो ते पैसे ध्वनिमुद्रणाचे असतात. गीतकार आणि संगीतकार म्हणून मिळणारी रॉयल्टी १९६९ मध्ये स्थापन झालेल्या आयपीआरएस या संस्थेमार्फत येते आणि आपल्याकडची बहुतेक मुले नेमकी हीच सोडून देतात. पॅन आणि बँक खात्याच्या तपशिलासह सभासद व्हावे आणि प्रत्येक गाणे तेथे स्वतंत्रपणे नोंदवावे. नुसते सभासद होऊन भागत नाही.

करार समोर आला की ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ हे दोन शब्द आधी शोधावेत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. म्हणूनच समोरचा हे शब्द आवर्जून घालतो. २०१२ च्या दुरुस्तीमुळे गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीतील आपला समान वाटा वारसांखेरीज किंवा आयपीआरएससारख्या कॉपीराइट सोसायटीखेरीज कोणाला देऊन टाकता येत नाही, त्यामुळे ‘रॉयल्टीवर हक्क सांगणार नाही’ असे लिहिलेले पान दिसले तरी घाबरून जाऊ नये. सही मात्र वकिलाला दाखवल्यावरच करावी.

घरखर्च भागतो तो कार्यक्रमांच्या सुपारीवर. १४ एप्रिलच्या जयंतीचे कार्यक्रम, गणपती, नवरात्र आणि महाविद्यालयांची गॅदरिंग हा आपल्याकडचा हंगाम आहे. लोकांना ओळखीची गाणी हवी असतात, तेव्हा त्यांच्यामध्ये आपली तीन पेरावीत, आणि तीही पहिल्या तासात, कारण दहा वाजत आले की पोलिसांची गाडी येते आणि साऊंडवाला वायरी गुंडाळू लागतो. निम्मा इसार तारीख ठरतानाच घ्यावा; उरलेले पाकीट शेवटच्या गाण्याआधी, कारण नंतर अध्यक्ष सापडत नाहीत. घरी परतल्यावर, झोपण्याआधी, त्याच वहीत तारीख, गाव, मंडळाचे नाव आणि आपली कोणती गाणी गायली ते उतरवून ठेवावे.