जर्मनीतल्या छोट्या गावातलं स्वस्त हॉटेल: निघण्याआधीची तयारी

हॉटेल ठरवताना सगळ्यात आधी एकच गोष्ट बघा, रिसेप्शन किती वाजेपर्यंत उघडं असतं. खोलीचे फोटो, नाश्ता, स्टेशनपासूनचं अंतर हे सगळं त्यानंतर. बर्लिन किंवा फ्रांकफुर्टच्या मोठ्या हॉटेलांत रात्रभर कोणी ना कोणी असतं. क्वेडलिनबुर्ग, नाउमबुर्ग, आयझेनाख अशा गावांत एखाद्या कुटुंबाने चालवलेलं बारा-पंधरा खोल्यांचं हॉटेल घेतलंत, तर काउंटर संध्याकाळी सहाला, सातला, फार तर आठला बंद होतं. रविवारी त्याच्याही आधी. मग बेल वाजवून उपयोग नसतो आणि दार उघडायला वॉचमन नसतो.

यात त्यांचा आडमुठेपणा नाही. पहाटे उठून नाश्ता मांडणारी, खोल्या देणारी आणि बिल करणारी बाई बहुतेक वेळा एकच असते. कामगाराला दोन पाळ्यांच्या मध्ये साधारण ११ तासांची विश्रांती द्यायचा कायदा आहे, आणि रात्रीच्या गाडीने येणाऱ्या दोन पाहुण्यांसाठी वेगळा माणूस ठेवणं एवढ्याशा हॉटेलला परवडत नाही. खाली खानावळ आणि वर खोल्या असा प्रकार असेल, ज्याला तिथे गास्टहोफ म्हणतात, तर किल्ल्या खानावळीच्या गल्ल्यावरच मिळतात. त्या खानावळीला आठवड्यातून एक सुट्टी असते, बऱ्याचदा सोमवारी किंवा मंगळवारी. वेबसाइटवर ‘रूहेटाग’ असं लिहिलेलं असतं. त्या दिवशी तिथे चिटपाखरूही नसतं. म्हणून नुसती वेळ बघू नका, वारही बघा.

मागच्या खेपेला आमचं नेमकं हेच राहिलं. बाकी सगळी तयारी चोख होती. विमानतळावरून निघायलाच उशीर झाला आणि रात्री पावणेअकराला आम्ही बंद दारासमोर उभे, सोबत सासूबाई, थंडी चार अंश. दाराशेजारच्या पेटीत किल्ली होती. त्या पेटीच्या कोडचा ईमेल दुपारीच आला होता, तो स्पॅममध्ये पडला होता, आणि फोनला नेट नव्हतं. ही यादी लिहायला बसले ती त्यासाठी.

तर किल्लीचं असं करा. बुकिंग झालं की त्याच दिवशी हॉटेलला ईमेल पाठवा. इंग्रजी बहुधा चालतं, तरी दोन ओळी जर्मनही घाला: ‘व्हीर कोमेन श्पेट आन. वी बेकोमेन व्हीर डेन श्ल्युसेल?’ आम्ही उशिरा येतोय, किल्ली कशी मिळेल, एवढंच. रोमन लिपीतलं स्पेलिंग कुठल्याही भाषांतराच्या अ‍ॅपमधून घ्या. उत्तरात चार गोष्टी हव्यात: किल्लीची पेटी नेमकी कुठे आहे, कोड काय, आत गेल्यावर कितव्या मजल्यावर कुठली खोली, आणि काही अडलं तर रात्री उचलला जाईल असा मोबाइल नंबर. यातली एक जरी आली नाही तर पुन्हा विचारा. संकोच करू नका, त्यांना याची सवय असते. बुकिंगच्या अ‍ॅपमधून घेतलं असेल तर त्या अ‍ॅपमधले मेसेज वेगळे उघडून बघा, कारण कोड कित्येकदा ईमेलवर न येता तिथेच येतो. काही ठिकाणी तो येण्याच्याच दिवशी पाठवतात. म्हणजे त्या दिवशी तुमच्या फोनला नेट असलंच पाहिजे. रोमिंग किंवा ई-सिम मुंबईहून निघण्याआधी चालू करून ठेवा. उतरल्यावर विमानतळाच्या वायफायवर बघू, असं म्हणू नका. कोडचा स्क्रीनशॉट काढा. कागदावर लिहा. तो कागद पासपोर्टबरोबर ठेवा, आणि बरोबरच्या माणसाच्या फोनमध्येही पाठवा.

आता बुकिंग. व्हिसासाठी रद्द करता येणारं बुकिंग घ्या, आणि शेंगेन व्हिसाला लागणारा कमीत कमी ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा, हे तुम्हाला एजंटने सांगितलंच असेल. किंमत वाचताना जपा: छोट्या पेन्सिओनमध्ये, म्हणजे घरगुती लॉजमध्ये, दर कधीकधी खोलीचा नसून माणशी असतो. ‘हॉटेल गार्नी’ म्हणजे फक्त नाश्ता मिळतो, जेवण नाही. खूपच स्वस्त दिसलं तर संडास-बाथरूम खोलीत आहे की पॅसेजमध्ये सगळ्यांसाठी एक, ते वाचा. वयस्कर माणसं बरोबर असतील तर लिफ्टचं विचाराच. क्वेडलिनबुर्गचा जुना भाग १९९४ पासून युनेस्कोच्या वारसा यादीत आहे, दोन हजारांहून जास्त घरं लाकडी सांगाड्याची आहेत आणि कित्येक हॉटेलं अशाच घरांत आहेत. घर बघायला अप्रतिम, पण जिना अरुंद, चढ उभा आणि लिफ्ट बहुतेक नाही. खालची खोली मागून घ्या, मिळते. डबल बेडवर दोन सुट्या गाद्या आणि दोन वेगळ्या रजया असतात, त्याला तक्रारीचं कारण समजू नका. पंखा नसतो, एसी तर जवळजवळ नसतोच. जुलै-ऑगस्टमध्ये माळ्यावरची खोली तापते. डिसेंबरात जाणार असाल तर अ‍ॅडव्हेंटच्या, म्हणजे ख्रिसमसच्या आधीच्या आठवड्यांतल्या, शनिवार-रविवारी क्वेडलिनबुर्गचे वाड्यांचे चौक बाजारासाठी उघडतात आणि खोल्या कितीतरी आधी भरतात.

आपल्याकडून क्वेडलिनबुर्गच्या भागात जाणारे बरेचसे मुलांना भेटायला जातात. जर्मनीतल्या परदेशी विद्यार्थ्यांमध्ये आता भारतीय सर्वांत जास्त आहेत, आणि माग्देबुर्गच्या विद्यापीठात आपली मुलं भरपूर. आई-बाबा आले की दोन रात्री हार्त्सच्या डोंगरांकडे जायचं ठरतं. आई-बाबांनो, ‘मुलगा बघेल सगळं’ म्हणून सोडू नका. मुलगा वसतिगृहात राहतो, त्याचा हॉटेलशी संबंध आलेला नसतो. रिसेप्शनची वेळ तुम्ही स्वतः विचारा.

गाडीची वेळ रिसेप्शनच्या वेळेवरून ठरवा. काउंटर आठला बंद होणार असेल तर सहाला गावात पोचणारी गाडी धरा, साडेसातला पोचणारी नको. जर्मन रेल्वेविषयी आपल्या मनात जुनं चित्र आहे. २०२४ साली तिथल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी ६२.५ टक्केच वेळेवर पोचल्या, आणि त्यांच्या हिशेबात सहा मिनिटांच्या आतला उशीर उशीर धरतच नाहीत. एक गाडी चुकली की छोट्या गावाची पुढची जोडगाडी तासाने, दोन तासांनी. रुळांची कामं चालू असली तर गाडीऐवजी बस असते आणि ती स्टेशनाबाहेरून सुटते. आदल्या संध्याकाळी अ‍ॅपमध्ये बघा आणि निघताना परत बघा. काही लोकल गाड्यांचे डबे मधल्या स्टेशनवर सुटून दोन वेगळ्या दिशांना जातात. डब्यावरची पाटी वाचून बसा. तिकिटांबद्दल एवढंच: दोन-चार जणांनी एका राज्यात दिवसभर फिरायचं असेल तर त्या राज्याचं एकदिवसीय ग्रुप तिकीट स्वस्त पडतं. सोमवार ते शुक्रवार ते सकाळी ९ नंतर चालतं आणि वेगवान आयसीई गाड्यांत चालत नाही.

रोख पैसे न्या. कार्ड चालतं असं सगळे सांगतात, मोठ्या शहरात ते खरंही आहे, पण गावातल्या खानावळीत आणि बेकरीत तिथल्या बँकांचंच कार्ड चालतं आणि आपलं व्हिसा-मास्टरकार्ड परत करतात, असं होतं. दहा-वीसच्या नोटा ठेवा. बऱ्याच गावांत पर्यटक कर माणशी, दर रात्रीचा वेगळा लागतो आणि तो बुकिंगच्या रकमेत नसू शकतो. तो भरल्यावर काही भागांत पाहुण्यांचं कार्ड देतात: ब्लॅक फॉरेस्टमध्ये कोनुस, हार्त्समध्ये हाटिक्स, आणि त्यावर त्या भागातली बस फुकट. ते आपणहून मागा. आल्यावर फॉर्म भरून सही करावी लागते. २०२५ पासून जर्मन नागरिकांना तो माफ झाला, आपल्याला नाही, म्हणून पासपोर्ट मोठ्या बॅगेत तळाला ठेवू नका.

सामान. बॅग लहान; जुन्या गावांचे रस्ते दगडी आहेत आणि चाकं खडखडत अडकतात. पावसाळी जाकीट, चपला. स्लीपर, टूथब्रश, कंगवा असलं काही खोलीत मिळत नाही. बाथरूममध्ये बादली नाही, मग नाही, जेट स्प्रे नाही: प्लास्टिकचं हलकं टमरेल किंवा चोचीची बाटली घेऊन जा, लाजू नका. चार्जर आपला दोन पिनांचा चालतो. तीन जाड पिनांच्या प्लगला अ‍ॅडाप्टर लागतो. किटली खोलीत असेलच असं नाही. थर्मास न्या आणि नाश्त्याच्या वेळी गरम पाणी मागा, देतात. खोलीत इंडक्शन किंवा कुकर लावू नका. धुराचा अलार्म वाजला आणि अग्निशमन दल आलं तर त्याचा खर्च तुमच्या माथी येऊ शकतो.

खाऊच्या बाबतीत कस्टम्सचा नियम नीट ऐका, कारण आपल्या बॅगेत हेच भरलेलं असतं. भारतातून प्रवाशाच्या सामानात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात न्यायला बंदी आहे. पेढे, बर्फी, तूप, श्रीखंड, सगळं यात आलं. दूध पावडर घातलेलं चहाचं प्रीमिक्सही आलं. ताजी फळं आणि पाला रोपांच्या आरोग्याच्या प्रमाणपत्राशिवाय चालत नाही, त्यामुळे हापूसची पेटी आणि कढीपत्ता घरीच. केळी, अननस, नारळ, खजूर यांना सूट आहे. चकली, भाजणी, मेतकूट, तेलावर भाजलेलं उपम्याचं पीठ, शेंगदाण्याची चटणी न्या. चहापत्ती न्या, दूध तिथे घ्या.

रविवार. दुकानं बंद. सुपरमार्केटही बंद. उघडं असतं ते एवढंच: बेकरी सकाळी थोडा वेळ, पेट्रोल पंप, मोठ्या स्टेशनांमधली दुकानं. शनिवारी संध्याकाळीच पाव, दही, फळं, दूध घेऊन ठेवा. औषधांची दुकानंही रविवारी बंद असतात. पाळीने एक उघडं असतं आणि त्याचा पत्ता बाकीच्यांच्या दारावर लावलेला असतो. आपली नेहमीची गोळी पुरेशी आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट न्या. तातडीला ११२, रात्रीच्या डॉक्टरसाठी ११६११७. नळाचं पाणी पिण्याचं आहे.

आणि रात्री जेवायला बाहेर पडाल तेव्हा किल्ली बरोबर घ्या. रिसेप्शन बंद झाल्यावर हॉटेलचं मुख्य दारही कुलूपबंद होतं आणि ते तुमच्या खोलीच्याच किल्लीने किंवा त्याच कोडने उघडतं. ‘पाच मिनिटांत येतो’ म्हणून किल्ली टेबलावर ठेवून निघालेला माणूस रात्रभर बाहेर राहू शकतो. आत शिरल्याबरोबर दार एकदा बाहेरून उघडून बघा, म्हणजे कुलूप कसं फिरतं ते उजेडात कळेल.

जेवण: स्वयंपाकघर साडेआठ-नऊला बंद होतं, लवकर जा. शाकाहारी असाल तर ‘श्पेक’ आणि ‘शिंकेन’ हे दोन शब्द मेनूत ओळखा, दोन्ही डुकराचं मांस. बटाट्याच्या भाजीतही सापडतं, विचारून घ्या. रात्री १० नंतर आवाज नको, पॅसेजमध्ये फोनवर मोठ्याने बोलू नका.

नाश्ता बहुतेक दहापर्यंत. पाव, चीज, जॅम, उकडलेली अंडी, म्यूस्ली. डब्यात भरून न्यायचं नाही.

खोली १० किंवा ११ ला सोडायची. पहाटेची गाडी असेल तर बिल आणि पर्यटक कर आदल्या संध्याकाळी काउंटर उघडं असतानाच भरा, आणि किल्ली कुठे टाकायची तेही तेव्हाच विचारा. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीवर २५ सेंट अनामत असते, सुपरमार्केटच्या मशिनमध्ये टाका, पावती गल्ल्यावर द्या.