कानोचा दरबार नीट बघायचा असेल तर

नायजेरियात नोकरीला असलेली मराठी मंडळी बरीच आहेत, लागोसला जास्त, पण थोडी कानो आणि अबुजाकडेही, आणि ईदची सुट्टी लागली की कुणीतरी विचारतंच की कानोला तो घोड्यांचा दरबार असतो तो बघायला जावं का. जावंच. पण पहिल्या दिवशी तासभर उभं राहून मोबाइलवर व्हिडिओ काढून परत आलात तर रंगीत कपडे आणि धूळ एवढंच हाती लागेल. तिथे कोण कुणाच्या मागे चाललंय, कुणी कुठे थांबून कुणाला मान दिला, हे सगळं पिढ्यान् पिढ्या ठरलेलं असतं आणि ते थोडं समजून गेलं की मजा कितीतरी पटीने वाढते, म्हणून हे लिहितोय.

आधी थोडक्यात. उत्तर नायजेरियातल्या हौसा लोकांचे दोन मोठे सण, रमजान ईद म्हणजे त्यांची करामार सल्ला (छोटी) आणि बकरी ईद म्हणजे बब्बार सल्ला (मोठी). दोन्ही ईदला नमाजानंतर अमीर, म्हणजे तिथला पारंपरिक राजा, लोक त्याला सार्की म्हणतात, आपल्या सगळ्या सरदारांसह घोड्यावरून शहरातून निघतो. याला हौसात हवान सल्ला म्हणतात, दरबार हे नाव इंग्रजांनी तिकडे रुजवलं. ईदची ही थाटामाटाची पद्धत कानोत 15व्या शतकातल्या मुहम्मद रुम्फा या राजाने सुरू केली असं तिथली परंपरा सांगते, अमीर आजही ज्या वाड्यात राहतो तो गिदान रुम्फा त्याच्याच नावाचा. डिसेंबर 2024 मध्ये कानोचा दरबार युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेला.

आता तारखेचं बघा. ईद चंद्रावर अवलंबून, दरवर्षी साधारण 10-11 दिवस अलीकडे सरकते आणि नायजेरियात चंद्र दिसल्याची घोषणा तिथल्या मुस्लिमांचे प्रमुख, म्हणजे सोकोतोचे सुलतान करतात, रमजान ईदची तर आदल्या संध्याकाळीच कळते. त्यामुळे कॅलेंडरमधली तारीख धरून दोन दिवसांचं टाइट तिकीट काढू नका, मागेपुढे एकेक दिवस ठेवा. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे दरबार यंदा आहे का हे आधी विचारा. कानोच्या गादीवर दोघांचा दावा असल्याने 2024 आणि 2025 मध्ये पोलिसांनी सुरक्षेच्या कारणाने दरबारावर बंदी घातली होती, त्याआधीही बोको हरामच्या काळात रद्द झालेला आहे. कानोत राहणाऱ्या माणसाला फोन करून खात्री झाल्याशिवाय बुकिंग नको.

लागोस किंवा अबुजाहून विमानानेच जा. उत्तरेकडच्या हायवेवर अपहरणाचा धोका खरा आहे, गाडीने जाऊन चार पैसे वाचवायच्या भानगडीत पडू नका, ड्रायव्हर कितीही म्हणू दे की काही होत नाही. भारतातून खास येणार असाल तर यलो फीव्हरची लस प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी घेतलेली असायला हवी आणि ते पिवळं कार्ड जपून ठेवा, कारण परत येताना भारतातच ते मागतात आणि नसेल तर 6 दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. मलेरियाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारा. ईद मार्च ते मे दरम्यान आली तर ऊन 40 अंशांच्या आसपास असतं, तेव्हा टोपी, पाणी, ओआरएस बरोबर असू द्या.

जमलं तर रमजान ईदच्या चार-पाच दिवस आधीच पोचा असं मी सांगेन. रमजानच्या दहाव्या दिवसानंतर रात्री ताशे नावाचा प्रकार चालतो, पोरं सोंगं घेऊन घरोघरी फिरतात, कुणी खोटी दाढी लावून म्हातारा होतो, कुणी मुलगा बायकी कपडे घालतो, गाणी म्हणत छोटी नाटुकली करतात आणि घरातले पैसे किंवा खाऊ देतात. पाहुण्यांना याबद्दल कुणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहितोय. हॉटेलात बसून ते दिसणार नाही, जुन्या शहरातल्या कुणाच्या तरी घरी रोजा सोडायला जायला हवं, आणि ऑफिसमधल्या हौसा सहकाऱ्याला नुसतं म्हणालात तरी तो बोलावेल. दिवसा मात्र रस्त्यावर खाणंपिणं टाळा.

ईदच्या सकाळी अमीर कोफार माता भागातल्या ईदगाहावर नमाजाला जातो आणि तिथून मिरवणुकीने वाड्यावर परत येतो. तुम्ही वाड्याच्या बाजूला, मोकळ्या मैदानाजवळ जागा धरा, शक्यतो ओळखीच्या माणसाबरोबर, आणि लवकर. मग एकेका जिल्ह्याचा सरदार, म्हणजे हाकिमी, आपल्या लवाजम्यासह येतो आणि इथेच डोळे उघडे ठेवायचे. प्रत्येक हाकिमीच्या घोडेस्वारांचे कपडे एकाच रंगसंगतीचे असतात त्यामुळे एक गट कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला ते रंगावरून कळतं. फेट्याकडे बघा, वर दोन कान काढल्यासारखी टोकं असतील तर तो राजघराण्यातला. जाड गोधडीसारखं शिवलेलं चिलखत घातलेले घोडे आणि स्वार दिसले की ते यान लिफिदा, जुन्या काळच्या लढाऊ घोडदळाची आठवण म्हणून अजून निघतात. लाल-हिरव्या झग्यातले दोगाराय हे अमीराचे रक्षक, ते दिसायला लागले की समजायचं आता अमीर जवळ आला. त्याआधी काकाकीचा आवाज येतो, माणसापेक्षा उंच असं धातूचं लांबलचक तुतारीवजा वाद्य, सोबत सनईच्या कुळातलं अल्गाइता आणि ढोल. भाट मोठमोठ्याने अमीराच्या पूर्वजांची स्तुती करत असतात. आणि मग मोठ्या छत्रीखाली पांढऱ्या कपड्यात, तोंड अर्धं फेट्याने झाकलेला अमीर, शहामृगाच्या पिसांचे पंखे हलवणारे सेवक बाजूला. आजूबाजूचे लोक मुठी वर करून ओरडतात, राङ्का या दादे, म्हणजे उदंड आयुष्य लाभो, तुम्हीही म्हणा, लोकांना आवडतं.

सगळ्यात भारी प्रकार म्हणजे जाही. स्वारांची एक तुकडी लांबून भरधाव सुटते, थेट अमीराच्या दिशेने, आणि अगदी समोर येऊन घोडे एकदम खेचून थांबवते, हात किंवा शस्त्र वर करून सलाम. बघताना छातीत धस्स होतं. अर्थ असा की आम्ही लढायला तयार आहोत आणि तुमच्याच बाजूने आहोत. यासाठी तरी शेवटपर्यंत थांबा.

दुसऱ्या दिवशी हवान दाउशे. यात अमीर राजमातेच्या निवासाला भेट देऊन तिला मान देतो, दुपारनंतर सुरू होतं आणि संध्याकाळपर्यंत चालतं, उजेडही फोटोसाठी छान. एकच दिवस मिळणार असेल तर मी हाच निवडेन, पहिल्या दिवसापेक्षाही. तिसऱ्या दिवशी हवान नस्सारावा, जुन्या शहरातून बाहेर पडून गव्हर्नरकडे जायचं, इंग्रजांच्या काळात रेसिडेंटला, म्हणजे त्यांच्या तिथल्या मुख्य अधिकाऱ्याला, भेटायला जायची पद्धत होती तिचंच हे चालू राहिलेलं रूप, रस्ता लांब असल्याने उभं राहायला जागा सहज मिळते, मुलं बरोबर असतील तर हा दिवस बरा.

वागण्याचं सांगतो. कपडे अंगभर हवेत, बायकांनी ओढणीने डोकं झाकलं तर सोयीचं जातं, सलवार-कमीज उत्तम. घोड्याच्या मागे कधीही उभं राहू नका, आणि ठासणीच्या बंदुकांचे बार उडतात तेव्हा लहान मुलांचे कान झाका. अमीराच्या रस्त्यात पुढे घुसून फोटो काढायचा नाही, दोगाराय ढकलतात आणि ते बरोबरच आहे. ड्रोन परवानगीशिवाय अजिबात नाही. कुणाच्या बायकामुलींचे फोटो न विचारता नकोत. देणंघेणं, खाणं उजव्या हाताने. कानोत शरिया कायदा असल्याने दारूचा विषय काढू नका. पोरं बारका द सल्ला म्हणत समोर येतील, ती शुभेच्छाही आहे आणि ईदी मागणंही, खिशात सुट्टे नायरा ठेवा.

खाण्यात मासा हवाच, आणि हा मासा म्हणजे मासळी नव्हे. आंबवलेल्या तांदळाच्या पिठाचा, आपेपात्रासारख्या खळग्यांच्या भांड्यात भाजलेला मऊ गोळा असतो, सोबत लाल भोपळा आणि शेंगदाण्याचं मियार ताउशे (मिया म्हणजे कालवण). शाकाहारी असाल तर मिया मांसाशिवाय मिळणं कठीण आहे, मासा नुसता साखरेबरोबर खा, कोसाय (चवळीचे वडे), दान वाके (चवळीच्या पिठाचे उकडलेले गोळे) आणि फुरा द नोनो, म्हणजे बाजरीचे गोळे कुस्करून घातलेलं आंबवलेलं दूध, यावर पोट भरतं. लाल अंबाडीच्या फुलांचं झोबो प्या. आणि गप्पा सुरू करायला वेगळं काही लागत नाही, कानोत हिंदी सिनेमाचं वेड पिढ्यान् पिढ्यांचं आहे, तुम्ही भारतातले कळलं की कुणीतरी गाणं म्हणायला लागतोच, अर्थ माहीत नसला तरी चाल बरोबर असते.

कानोचा दरबार रद्द झाला तर झारिया, बाउची, कात्सिना इथेही दरबार होतात, पण तिथल्या सुरक्षेची चौकशी वेगळी करा, खास करून कात्सिनाची. हिवाळ्यात कापणीनंतर आलात तर दांबे बघा, हौसांचं मुष्टियुद्ध, परंपरेने खाटकांचा खेळ, एका हातावर कापड आणि दोरी घट्ट गुंडाळून त्यानेच मारायचं, दुसरा हात ढाल म्हणून, तीन फेऱ्या, आणि प्रतिस्पर्ध्याचा हात किंवा गुडघा जमिनीला टेकला की त्याला ठार केलं असं म्हणतात. आणि केब्बी राज्यातला अर्गुंगूचा मासेमारी उत्सव फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास असतो. सोकोतो आणि केब्बी यांच्यातलं जुनं वैर मिटल्याची खूण म्हणून 1934 मध्ये सुलतानाच्या भेटीच्या वेळी तो सुरू झाला, 2016 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेला. हजारो लोक एकाच वेळी माताङ फादा नदीत उड्या मारतात, हातात जाळं आणि तरंगायला मोठा वाळका भोपळा, बाकी कुठलंही आधुनिक साधन चालत नाही, सगळ्यात मोठा मासा पकडणारा जिंकतो, 2005 मध्ये विजेत्याचा मासा 75 किलोचा होता. मध्ये दहा वर्षं हा उत्सव बंदच होता, 2020 मध्ये परत झाला, त्यामुळे इथेही आधी फोन, मग तिकीट.