स्विंग दर वेळी सारखा यायला हवा तर

नाशकात गोल्फ क्लब म्हटलं की बहुतेकांना अनंत कान्हेरे मैदान आणि सकाळचं जॉगिंगच आठवतं, पण ज्यांना खरंच गोल्फ खेळायचाय त्यांनी हे नक्की करून बघा. आधी जोर लावणं सोडा. सेव्हन आयर्न (मधल्या लांबीची गोल्फची काठी) घ्या, बॉल पायांच्या साधारण मधोमध ठेवा आणि ग्रिप अशी की हातात द्राक्षाचा घड आहे, मणी फुटायला नको पण घड निसटायलाही नको.

आता टेम्पो, म्हणजे स्विंगची लय, माझ्या मते सगळा खेळ इथेच आहे. चांगल्या खेळाडूंच्या बॅकस्विंगला (काठी मागे वर नेणं) डाऊनस्विंगच्या (ती खाली बॉलकडे आणणं) साधारण ३ पट वेळ लागतो, म्हणून वर जाताना मनात एक-दोन-तीन आणि चारला बॉल, सुरुवातीला फक्त कमरेपर्यंतचा अर्धा स्विंग करा, घाई करूच नका.

बॉलच्या मागे वीतभर अंतरावर घडी घातलेला नॅपकिन ठेवा, क्लब, म्हणजे काठी, आधी नॅपकिनला लागला तर समजायचं वजन मागच्या पायावरच राहिलंय. उजव्या हाताने खेळणाऱ्यांनी शेवटी डाव्या पायावर तोल सांभाळून बॉल पडेपर्यंत तसंच थांबायचं, डगमगलात तर पुढचा शॉट अजून हळू मारा.