छातीला मुका मार लागलाय? या चुका टाळा

ऊसहंगामात अंधारात उभी ट्रॉली दिसत नाही, दुचाकी मागून धडकते आणि हँडल छातीत बसतं. रक्त नाही, जखम नाही. ‘मुका मार हाय, जाईल दोन दिसात’ म्हणत माणूस घर गाठतो. पण तेवढ्या मारानं आत फुप्फुस ठेचलेलं असू शकतं. बारीक रक्तवाहिन्या फुटतात, हवेच्या पिशव्यांत रक्त-पाणी साचतं आणि हे साचणं पुढचे 24 ते 48 तास वाढत जातं.

म्हणूनच सगळ्यात महागात पडते ती पहिल्या एक्स-रेवर विसंबण्याची चूक. तासाभरात काढलेला एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो. डाग बऱ्याचदा सहा तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी उमटतो. सीटी स्कॅनमध्ये तो लवकर दिसतो. ‘नॉर्मल आहे ना, मग सोडा’ म्हणून डॉक्टरांच्या मागं लागू नका. रात्रभर ठेवूया म्हणाले तर राहा. घरी असताना बोलता बोलता दम लागला, खोकल्यातून रक्त पडलं, ओठ निळसर दिसले तर सकाळची वाट बघायची नाही, 108 लावा.

‘फासळी मोडली नाही’ हा दिलासाही अपुरा आहे. लहान मुलांच्या फासळ्या लवचिक असतात. हाड शाबूत राहून फुप्फुस ठेचतं.

छातीला पट्टा आवळून बांधणं आपल्याकडं अजून चालतं, तालमीतल्या पोरांतसुद्धा. आवळल्यावर बरं वाटतं, पण श्वास उथळ होतो, कफ आत साचतो आणि न्यूमोनियाला वाट मिळते. गोळी टाळून दुखणं सोसणाऱ्याचंही हेच होतं. डॉक्टरांनी दिलेलं वेदनाशामक वेळेवर घ्या, छातीशी उशी धरून खोका, गोळे वर खेचायचं श्वासाचं यंत्र दिलं असेल तर जागेपणी तासातासाला वापरा. बिडी-सिगारेट बंद.

आणखी एक, सलाईनचा हट्ट. रक्तस्राव झाला असेल तर ते लागतं, पण गरजेपेक्षा जास्त दिलं तर ठेचलेल्या फुप्फुसात पाणी वाढतं. जंतुसंसर्ग नसताना अँटिबायोटिकचाही उपयोग नाही. ऑक्सिजन, वेदनाशमन, फिजिओथेरपी आणि बारीक लक्ष, उपचार एवढाच. श्वास फारच कमी पडला तर व्हेंटिलेटर. बहुतेकांचं फुप्फुस आठवड्याभरात सुधारतं. घरी गेल्यावर ताप आला, पिवळा कफ पडू लागला किंवा दम वाढला, तर जुने एक्स-रे घेऊन लगेच परत दाखवा.